संगणकाची निगा : एक उपेक्षित विद्या

नवें यंत्र दारीं आलें म्हणजे त्याचें कौतुक कसें करावें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. नारळ फुटतो, हार घातला जातो, पेढे वांटले जातात आणि चार दिवस गांवांत तोच विषय असतो. परंतु पांचव्या दिवसापासून या यंत्राची निगा कोणीं राखावयाची, हा प्रश्न त्या समारंभांत कोणी विचारीत नाहीं. आपल्या शाळांतील व घरांतील संगणकांच्या नशिबीं आज हीच स्थिति आली आहे. ते आणण्याची हौस आपणांस आहे; ते राखण्याची विद्या मात्र आपण कोणासच शिकवीत नाहीं. ही विद्या कठीण नाहीं, खर्चाची नाहीं, आणि हायस्कुलांतील विद्यार्थ्यांनीं व विद्यार्थिनींनीं ती स्वतःच्या हातांनीं आचरावी इतकी ती सोपी व उपयुक्त आहे, असें माझें स्पष्ट मत असून तेंच या लेखांत मांडावयाचें आहे.

निगा हा शब्द आपल्या भागांतील शेतकऱ्यास नवा नाहीं. बैलगाडीच्या आंसास वेळच्या वेळीं वंगण घातलें नाहीं तर चाक कुरकुरूं लागतें. ऊसतोडीपूर्वीं कोयते पाजळले जातात. नांगराचा फाळ झिजला कीं तो लोहाराकडे जातो. इंजिनाचें तेल काळें पडलें कीं तें बदललें जातें. हीं कामें केव्हां करावयाचीं हें शेतकऱ्यास पुस्तकांत पाहावें लागत नाहीं, कारण अवजार बिघडलें तर पोटास चिमटा बसतो हें तो जाणतो. खंडेनवमीस आपण अवजारें धुऊन, पुसून मग त्यांची पूजा करितों. त्याच दिवशीं संगणकासही हार घालण्याची चाल आतां पडली आहे. पण त्याच्या पोटांत सांठलेली धूळ मात्र तशीच राहते. पूजा झाली, पुसणें राहिलें!

आपल्या नेसरीचें नांव महाराष्ट्रांत ज्या कारणानें सर्वतोमुखीं झालें तें कारण पराक्रमाचें आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनोबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा सोबती नेसरीच्या खिंडींत बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले आणि धारातीर्थीं पतन पावले. त्या स्मृतीचा अभिमान आपणांस आहे व तो योग्यच आहे. परंतु त्याच काळांत छत्रपति शिवाजी महाराजांनीं चिपळूणकडील छावणींतील अंमलदारांस लिहिलेलें एक पत्रही प्रसिद्ध आहे. त्यांत लढाईची आज्ञा नाहीं. वैरण व दाणा पावसाळाभर पुरेल अशा बेतानें खर्चावा, विस्तवाविषयीं सावध असावें, रात्रीं दिवा तसाच ठेविला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवत पेटेल, अशा बारीकसारीक सूचना त्यांत आहेत. ज्या राजानें खिंडींतील शौर्याची कदर केली त्याच राजास उंदराच्या तोंडांतील वातीचीही चिंता होती. पराक्रम एका दिवसाचा असतो. निगा रोजची असते. राज्य दोहोंवर उभें राहतें.

आतां शाळांतील प्रत्यक्ष स्थिति पाहूं. डिसेंबर २००४ मध्यें केंद्र सरकारनें 'आयसीटी ॲट स्कूल' ही योजना सुरू केली आणि माध्यमिक शाळांस संगणक-कक्षांसाठीं साहाय्य मिळूं लागलें. त्याखेरीज माजी विद्यार्थी, सहकारी संस्था व दानशूर गृहस्थ यांच्या देणग्यांतूनही अनेक शाळांस यंत्रें मिळालीं. हें सर्व स्तुत्य आहे. परंतु देणगी यंत्राची मिळते, निगेची मिळत नाहीं. पहिलीं कांहीं वर्षें हमीच्या मुदतींत जातात. पुढें एकेक यंत्र मंद होऊं लागतें, मध्येंच आपोआप बंद पडूं लागतें, आणि एके दिवशीं त्यावर 'बंद' अशी चिठ्ठी लागते. एकदां चिठ्ठी लागली कीं त्या यंत्राचे भाग काढून दुसऱ्यास लावले जातात, वर कापड पडतें आणि अखेरीस तें अडगळीच्या खोलींत जातें.

यांत नुकसान कोणाचें होतें? ज्याच्या घरीं स्वतःचें यंत्र आहे त्याचें फारसें होत नाहीं. नुकसान होतें तें आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून पायीं किंवा एस. टी. नें येणाऱ्या मुलामुलींचें, ज्यांस शाळेबाहेर संगणकास हात लावावयास मिळत नाहीं. एका यंत्रापुढें तीन मुलें बसलीं म्हणजे माउस ज्याच्या हातीं तो शिकतो आणि उरलेलीं दोघें पाहतात. त्यांत दोन यंत्रें आणखी बंद पडलीं तर पाहणाऱ्यांची संख्या वाढते व शिकणाऱ्यांची घटते. जें लाजरें आहे, ज्याचा गणवेश जुना आहे, तें मूल मागच्या मागें राहतें. म्हणून बंद पडलेलें यंत्र ही केवळ मालमत्तेची हानि नव्हे; ती एका मुलाची बुडालेली पाळी आहे.

हीं यंत्रें मरतात कशानें? कारणें अनेक आहेत. परंतु त्यांतील एक सर्वांत सामान्य व सर्वांत टाळतां येण्याजोगें कारण म्हणजे उष्णता. संगणकास हा त्रास आजचा नाहीं. अमेरिकेंत १९४६ सालीं जगापुढें आलेल्या 'एनिॲक' या संगणकांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व तो सुमारें १५० किलोवॉट वीज खात असे; त्याची उष्णता घालविण्यासाठीं मोठे पंखे बसवावे लागले होते. आजचा संगणक टेबलाच्या कोपऱ्यांत मावतो. परंतु यंत्रांत शिरलेली वीज जवळजवळ सर्व अखेरीस उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते, हा निसर्गनियम यंत्र लहान झाल्यानें बदलत नाहीं. हिशेब करणारा मुख्य भाग जो प्रोसेसर, त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर कामाच्या भरांत ६० ते ९० वॉट इतकी उष्णता निर्माण होते. कपड्यांची इस्त्री हजार वॉटची असली तरी तिची उष्णता हाताच्या पंजाएवढ्या तव्यावर पसरलेली असते. दर चौरस सेंटीमीटरचा हिशेब केला तर प्रोसेसरवरील भार इस्त्रीच्या कित्येक पट भरतो.

ही उष्णता वाहून नेण्यासाठीं प्रोसेसरच्या माथ्यावर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा, पातळ पातळ पात्यांचा एक ठोकळा बसविलेला असतो. त्यास हीट सिंक म्हणतात. त्यावर पंखा असतो. आतां गंमत अशी कीं, प्रोसेसरचें झांकण व हीट सिंकचा तळ हे डोळ्यांस आरशासारखे सपाट दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांवर डोंगरदऱ्या दिसतात. दोन पृष्ठें एकमेकांवर ठेविलीं म्हणजे तीं शिखरांशीं टेंकतात आणि मधल्या दऱ्यांत हवा कोंडते. उष्णता वाहून नेण्याची शक्ति मोजण्याचें जें माप आहे त्या मापानें तांब्याची शक्ति सुमारें ४००, ॲल्युमिनियमची २३५ च्या आसपास, आणि स्थिर हवेची अवघी ०.०२६ भरते. म्हणजे तांब्याच्या तुलनेनें हवा सुमारें पंधरा हजार पट वाईट वाहक आहे. केसाहूनही पातळ असा हवेचा पडदा उष्णतेची वाट अडवून धरतो.

हा पडदा दूर करण्यासाठीं दोहोंमध्यें जो राखाडी किंवा पांढरा लेप लावितात तोच थर्मल पेस्ट. सिलिकॉनच्या तेलांत जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भस्माची, क्वचित् चांदीची, अत्यंत बारीक पूड मिसळून तो बनवितात. त्याची वाहकशक्ति त्याच मापानें साधारणतः १ ते १० पर्यंत असते. म्हणजे धातूपुढें तो कांहींच नाहीं. त्याचें मोल हवेच्या जागीं बसण्यांत आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, लेप नसून चालणार नाहीं. दुसरी, लेप फार झाला तरी उपयोग नाहीं, कारण धातू जेथें धातूस भिडावयाचा तेथें जाड थर उलट आड येतो. दऱ्या भराव्या, शिखरें बुजवूं नयेत, इतकेंच त्याचें काम.

गाडीच्या आंसाचें वंगण जसें कालांतरानें सुकतें तसाच हा लेपही सुकतो. यंत्र रोज तापतें व निवतें. त्या आकुंचन-प्रसरणानें लेप हळूहळू कडेस सरकतो, त्यांतील तेल सुटून जातें व मागें खडूसारखी कोरडी पूड राहते. तिच्या भेगांत पुनः हवा शिरते. फरक इतकाच कीं, वंगण सुकलेलें चाक कुरकुरून मालकास हांक मारतें. संगणक मात्र ओरडत नाहीं, तो केवळ मंद होतो. प्रोसेसर फार तापला कीं स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं तो आपली गति आपणच कमी करितो, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर यंत्र बंद करितो. आपण म्हणतों, "यंत्र म्हातारें झालें." वास्तविक त्यास ताप आलेला असतो.

त्यांत धुळीची भर पडते. आपल्या भागांतील तांबडी माती, उन्हाळ्यांतील वारा, ऊसतोडीच्या हंगामांत पाचट जाळल्यावर उडणारी काजळी आणि वर्गांतील खडूची भुकटी, हीं सर्व पंख्याच्या वाटेनें आंत ओढलीं जातात व हीट सिंकच्या पात्यांमध्यें नमद्यासारखा थर धरतात. पावसाळ्यांत सह्याद्रीकडून येणारी दमट हवा त्या थरास चिकटा आणते. कित्येक वेळां आंत पालीचीं अंडीं सांपडतात, तर कधीं कुंभारीण माशीनें मागच्या बाजूच्या खांचेंत मातीचें घर केलेलें असतें. अशा स्थितींत पंखा जिवाच्या आकांतानें फिरत राहतो, पण वारा पुढें जात नाहीं.

उपाय सोपा आहे, मात्र तो क्रमानें करावा लागतो. यंत्र बंद करून, वायर भिंतींतून काढून, सुरू करण्याची कळ दोन-चार क्षण दाबून धरावी, म्हणजे आंत उरलेली वीज निघून जाते. काम उघड्या ओसरींत करावें, नाकास रुमाल बांधावा. नायलॉनचे कपडे घालूं नयेत. हात लावण्यापूर्वीं जमिनीशीं जोडलेल्या एखाद्या धातूच्या वस्तूस स्पर्श करावा, कारण कपड्यांच्या घर्षणानें अंगावर सांठलेली वीज नाजूक भागांस मारक ठरते. मऊ ब्रशानें व ब्लोअरनें धूळ काढतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. वीज पुरविणारी जी पेटी, जिला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, ती मात्र कधींही उघडूं नये. वायर काढल्यावरही तिच्यांत जोराचा धक्का देण्याइतकी वीज टिकून राहूं शकते. हा नियम मुलांस पहिल्या दिवशीं शिकवावा व शेवटच्या दिवशींही सांगावा.

लेप बदलावयाचा असल्यास आधीं यंत्र पांच-दहा मिनिटें चालवून मग बंद करावें, म्हणजे जुना लेप किंचित् मऊ होतो. हीट सिंक सरळ वर ओढूं नये. डावीकडे-उजवीकडे हलकेंच फिरवून सोडवावा, नाहीं तर कांहीं जातींच्या यंत्रांत प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या स्वच्छ, तंतू न सुटणाऱ्या फडक्यानें दोन्हीं पृष्ठांवरून पूर्ण पुसावा. नंतर तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा नवा लेप मध्यभागीं ठेवून हीट सिंक वरून सरळ दाबून बसवावा. दाबानें लेप आपोआप पसरतो. स्क्रू एका बाजूनें ओळीनें न आवळतां समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे. अखेरीस पंख्याची वायर जोडण्यास विसरूं नये. धूळ वर्षांतून दोनदां, म्हणजे पावसाळ्यापूर्वीं व दिवाळीनंतर, काढावी. लेप साधारणतः तीन-चार वर्षांनीं, किंवा हीट सिंक जेव्हां म्हणून काढला जाईल तेव्हां, बदलावा. साध्या लेपाची नळी शे-दोनशे रुपयांत मिळते व ती कित्येक यंत्रांस पुरते.

हें काम कोणीं करावयाचें, हा खरा वादाचा मुद्दा आहे. माझें म्हणणें असें कीं, आठवीपासून पुढील विद्यार्थ्यांनीं तें शिक्षकांच्या देखरेखीखालीं करावें व तें शिक्षणाचाच भाग मानलें जावें. आपल्या समाजांत झाडणें-पुसणें हें हलकें काम व तें करणारा हलका मनुष्य, हा समज शतकानुशतकें रुजला आहे. जातिभेदानें त्यास खतपाणी घातलें आहे. संगणक आला तरी तो समज गेला नाहीं. कळफलक बडविणारा 'साहेब' आणि आंतील धूळ काढणारा 'पोऱ्या', अशी नवी उतरंड आपण तयार केली. त्यांतही मुलाच्या हातीं स्क्रू-ड्रायव्हर व मुलीच्या हातीं केरसुणी, ही वांटणी आपोआप होते. शाळेनें ती जाणूनबुजून मोडावी. यंत्र मुलीनें उघडावें व खोली मुलानें झाडावी. पुढच्या खेपेस उलट करावें.

हा विचार आपल्या मातींतलाच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ सालीं आपल्याच जिल्ह्यांतील कुंभोज येथें झाला. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 'कमवा व शिका' हा मंत्र देऊन सर्व जातींच्या मुलांस एकत्र राहावयास व हातांनीं राबावयास लाविलें. त्या मुलांचें शिक्षण राबण्यानें अडलें नाहीं. सांप्रत केरळ राज्यांत २०१८ पासून हायस्कुलांमधून 'लिटल काइट्स' नांवाचीं विद्यार्थ्यांचीं मंडळें चालविलीं जातात. त्यांत इतर गोष्टींबरोबर संगणकाच्या अंतर्भागाचें ज्ञानही मुलांस दिलें जातें. जें केरळच्या मुलांस जमतें तें आपल्या मुलांस कां जमूं नये?

यावर पहिला आक्षेप असा येतो कीं, मुलें यंत्र मोडतील. भय अगदींच निराधार नाहीं. म्हणून आरंभ आधींच निकामी ठरलेल्या यंत्रावर करावा. त्यावर हात बसला कीं चालत्या यंत्राकडे वळावें. प्रयोगशाळेंत आपण मुलांच्या हातीं आम्लें व काचेच्या नळ्या देतों, शेतांत कोयता देतों, त्या मानानें चार स्क्रू सोडविणें हें कांहीं साहस नव्हे. आणि खरें पाहतां मुलांच्या हातून मोडलेल्या यंत्रांपेक्षां कोणीच हात न लावल्यानें मेलेलीं यंत्रें अधिक असतात. दुसरा आक्षेप दुरुस्ती करणाऱ्याच्या पोटाचा. परंतु घरीं वैद्यक जाणणारी आजी असली म्हणून डॉक्टरचें दुकान बंद होत नाहीं. धूळ काढावयास गडहिंग्लज किंवा बेळगांवपर्यंत यंत्र न्यावें लागूं नये, एवढेंच म्हणणें आहे. मदरबोर्ड जळाला तर जाणकाराकडेच गेलें पाहिजे. उलट ज्या मुलांनीं शाळेंत हें काम केलें त्यांतूनच उद्यांचे चांगले कारागीर निपजतील.

तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. कोणी म्हणेल, आतां प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आहे, मग हीं जुनीं धुडें कशास सांभाळावयाचीं? या बाबतींत आपल्या जिल्ह्याचाच दाखला घेण्याजोगा आहे. १९९८ सालीं वारणानगरच्या सहकारी परिसरांतील सुमारें ७० गांवांसाठीं 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. गांवोगांवीं संगणक ठेवून ऊसउत्पादकांस वजन, बिलें व इतर माहिती द्यावी असा हेतु होता. पुढें कांहीं वर्षांनीं सात गांवांत आठ महिने असा प्रयोग झाला कीं, संगणकाऐवजीं मोबाईलवरील लघुसंदेशानें तीच माहिती द्यावी. तो स्वस्त, सोयीचा व शेतकऱ्यांस अधिक पसंत ठरला. तेव्हां उसाचें वजन कळण्यास मोबाईल पुरतो, हें मान्य. परंतु विद्यार्थ्यास केवळ माहिती घ्यावयाची नसते, घडवावयाची असते. निबंध लिहिणें, हिशेबाचा तक्ता मांडणें, चित्र आंखणें, स्वतः प्रोग्रॅम रचून त्यांतील चुका शोधणें, हीं कामें तळहाताएवढ्या पडद्यावर नीट होत नाहींत. शिवाय मोबाईल उघडून दाखवितां येत नाहीं. टेबलावरचा संगणक उघडतां येतो, आणि उघडतां येणारें यंत्र हाच उत्तम शिक्षक होय.

चौथा आक्षेप, जुनें टाकून नवें घ्यावें. ज्याची ऐपत आहे त्यानें खुशाल घ्यावें. पण टाकलेलें जातें कोठें याचाही विचार व्हावा. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागानें २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लक्ष टन विद्युत्-कचरा निर्माण झाला, आणि त्यांपैकीं अवघा २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनः वापरांत आणला गेला. उरलेल्याचा मोठा भाग भंगारांत जातो. तांब्यासाठीं तारा जाळल्या जातात, शिशासारखीं विषें मातींत व पाण्यांत उतरतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं 'विंडोज १०' चा सर्वसाधारण आधार संपला, आणि जीं यंत्रें नव्या आवृत्तीस पात्र नाहींत त्यांवर 'कालबाह्य' हा शिक्का बसला. परंतु उबंटूसारख्या मोफत प्रणालीवर त्यांतील बहुतेक यंत्रें शाळेच्या कामास आणखी कांहीं वर्षें सहज चालतात, मात्र तीं आंतून स्वच्छ व थंड असलीं पाहिजेत. १९९१ सालीं पुणें येथील सी-डॅकनें 'परम ८०००' हा महासंगणक उभारून दाखविला. ज्या महाराष्ट्रांत महासंगणक घडला, तेथें साध्या संगणकाची धूळ काढतां येऊं नये हें भूषणावह नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. लेप बदलला म्हणजे प्रत्येक यंत्र तरणें होतें असें नाहीं. मंदपणाचें कारण जुनी हार्ड डिस्क, अपुरी स्मृति किंवा व्हायरस हेंही असूं शकतें; यंत्र सुरूच न होण्याचें कारण पुष्कळदां रॅमच्या पट्टीवर बसलेला मळ एवढेंच असतें, व खोडरबरानें तिचीं सोनेरी टोकें पुसून ती पुनः बसविली कीं काम होतें. म्हणून आधीं तपमान पाहावें. यंत्र सुरू होतांना उघडतां येणाऱ्या बायॉस नामक पडद्यावर तें दिसतें. काम चालू असतांनाचें मोजणारे मोफत प्रोग्रॅमही मिळतात. कामाच्या भरांत तें ९० अंशांपलीकडे जात असेल तर धूळ व लेप यांकडे पाहावें. साठ-सत्तरच्या आंत असेल तर रोग अन्यत्र आहे. हमीची मुदत चालू असलेलें यंत्र शाळेनें उघडूं नये. रोगाची परीक्षा आधीं व औषध मागून, हा वैद्याचा धर्म येथेंही लागू आहे, आणि विज्ञानाचा पहिला पाठही हाच आहे.

तेव्हां माझी सूचना अशी. प्रत्येक शाळेनें यंत्रांस क्रमांक द्यावे व एक नोंदवही ठेवावी. तींत यंत्राचा क्रमांक, सफाईची तारीख, आधींचें तपमान, नंतरचें तपमान व काम करणाऱ्या विद्यार्थ्यांचीं नांवें लिहावीं. नोंदवहीस क्षुद्र समजूं नये. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड येथील 'मार्क टू' या संगणकाच्या एका रिलेंत अडकलेला पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो वहींत चिकटवून खालीं नोंद केली, आणि तें पान आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत जपून ठेविलें आहे. ज्यांनीं जगास संगणक दिला ते असे नोंद ठेवणारे लोक होते. वर्षाच्या अखेरीस आधींच्या व नंतरच्या तपमानाचा आलेख विद्यार्थ्यांनीं काढून भिंतीवर लावावा. उष्णतेचा जो धडा पुस्तकांत निर्जीव वाटतो, तो त्या आलेखांत जिवंत होईल.

पालकांसही दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलामुलींसाठीं पोटास चिमटा घेऊन आणलेला संगणक चालू असतांना त्यावर भरतकामाचें कापड घालूं नका. तें कापड यंत्र बंद असतांना शोभतें. लॅपटॉप गादीवर किंवा गोधडीवर ठेवूं देऊं नका, त्याच्या तळाशीं असलेलीं श्वासाचीं भोकें बुजतात. लांकडी पाट पुरे. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर व चुलीच्या धुरापासून लांब ठेवा. आणि मुलगी किंवा मुलगा रविवारीं तें उघडून पुसूं लागला तर "उगाच कशाला हात लावतोस?" असें न म्हणतां जवळ बसून पाहा. इंजिन खोलून पुनः जोडणारे हात तुमच्याच घरांत होते; तोच वारसा तीं मुलें चालवीत आहेत.

बायबलांत परदेशीं जाणाऱ्या एका धन्यानें आपलें द्रव्य चाकरांच्या स्वाधीन केल्याचा दृष्टान्त आहे. त्यांतील एकानें तें जमिनींत पुरून ठेविलें आणि जसेंच्या तसें परत केलें, तरीही तो दोषी ठरला. आपल्या स्वाधीन झालेलीं हीं यंत्रें आपण तर जशींच्या तशींही परत करूं शकत नाहीं. धुळींत पुरून तीं नासवितों. देणाऱ्यानें विश्वासानें दिलें, घेणाऱ्यानें निगेनें वापरावें, यांतच दोघांचा मान आहे. विद्यार्थिमित्रहो, येत्या वर्षीं आपल्या संगणक-कक्षांतील एकाही यंत्रावर 'बंद' ही चिठ्ठी केवळ धुळीमुळें किंवा सुकलेल्या चिमूटभर लेपामुळें लागणार नाहीं, एवढा निश्चय जरी तुम्हीं केला, तरी मागच्या बांकावरील एखाद्या मुलाच्या हातीं माउस येईल. त्या हातांतून पुढें काय घडेल हें आज कोणीं सांगावें?